खुर्ची : दहापैकी तीन

ज्याच्याकडे प्रत्येक प्रश्नाचं उत्तर तयार असतं, त्या माणसाला दोनदा तपासून घे, असं ताईने तिला लग्नाच्या आठ दिवस आधी बजावलं होतं. ताई तेव्हा तिच्या कपड्यांना इस्त्री करत होती आणि बोलताना मान वरही करत नव्हती. तिने ते हसण्यावारी नेलं. तुला काय, दुधातही खडा दिसतो, असं वर म्हणालीही.

उशीर का झाला, फोन का लागला नाही, दोन दिवसांच्या कामाला पाच दिवस कसे लागले... नवऱ्याकडे खरंच सगळ्याची उत्तरं तयार असायची. इतकी गुळगुळीत, की चार वर्षं तिचा हात त्यांवरून नुसता घसरत राहिला. मग एक दिवस त्याचा दुसरा संसार उघडा पडला. याच शहरात, बसने वीस मिनिटांवर. त्याचंही उत्तर त्याच्याकडे तयार होतं, पण ते ऐकायला ती थांबली नाही. मुलीला कडेवर घेऊन आईकडे आली ती आलीच.

याला आता दोन वर्षं झाली होती. मुलगी चार वर्षांची. गळ्यापर्यंतची सगळी बटणं स्वतःच लावायचा हट्ट, म्हणून घरात तिचं नावच बटण पडलेलं. आणि बटणची आई औषधांच्या कारखान्यात लेबलं तपासायची. बाटलीवरचं नाव, लॉटचा नंबर, मुदतीची तारीख. एक आकडा चुकला की अख्खा लॉट परत. ही सवय हळूहळू घरी आली. गॅसचं बटण तीनदा बघायचं, कडी दोनदा ओढून बघायची, झोपलेल्या लेकीच्या नाकाशी तळहात धरून श्वास चालू आहे ना ते बघायचं. कॉलेजपासूनच्या दोन मैत्रिणींनी तिचं नाव तपासनीस ठेवलं, आणि ती काही घराबाहेर पडत नाही असं दिसल्यावर एक टूम काढली.

दर दुसऱ्या शनिवारी, दुपारी बारा वाजता, शहरातल्या एका नव्या जागी जेवायचं. भपकेबाज नको. आपापल्या चपलांत जाता येईल अशी साधी हॉटेलं, कॅफे. आणि उठताना मार्क द्यायचे. चवीचे मार्क डॉक्टरणीकडे, कारण दिवसभर ती लोकांचे दात बघायची, तेव्हा तोंडाचं तिलाच कळणार. गोंगाटाचे मार्क मास्तरणीकडे. ती पोहायला शिकवायची, तलावावर ओरडून ओरडून तिला आवाजाची जाण आली होती म्हणे. खुर्ची, टेबल आणि बाथरूम हे खातं अर्थातच तपासनिशीचं. हे सगळं मास्तरीण इंटरनेटवरच्या तिच्या पानावर टाकायची, शेरे जसेच्या तसे, आणि खाली लिहायची की पुढच्या वेळी आम्ही अमुक ठिकाणी.

आपण कुठे बसणार ते आधीच जगाला कशाला सांगायचं, असं तपासनीस एकदा कुरकुरली होती.

"आपल्याला कोण पळवून नेणार गं या वयात?" मास्तरीण म्हणाली, आणि तिघी हसल्या.

तो पहिल्यांदा दिसला एका सूपच्या दुकानात. टेबल इतकं डुगडुगत होतं की वाडग्यातलं सूप आपलं आपणच शहारत होतं. शेजारच्या टेबलावरचा माणूस काही न बोलता उठला, खिशातून पुठ्ठ्याचा तुकडा काढला, तीन घड्या घातल्या आणि गुडघ्यावर बसून तो पायाखाली सारला. मग टेबलावर तळहात दाबून बघितला... अगदी हलकेच, ताप बघावा तसा.

"आता हलणार नाही," तो म्हणाला.

"टेबलावरच थांबलात होय? माझ्या खुर्चीचं काय?"

त्याचा चेहरा उगाचच पडला. "खुर्ची... कुठे टोचते?"

"कुठे टोचत नाही ते विचारा."

तो हसला, पण चिमटा बसल्यासारखा. डाव्या अंगठ्याला पट्टी होती, खिशात एक चपटी पेन्सिल. बाहेर अवेळी आलेल्या पावसाची भुरभुर होती, आणि दार उघडून तो त्या भुरभुरीत निघून गेला तेव्हा ती नको तेवढा वेळ दाराकडे बघत राहिली. डॉक्टरणीने तिला कोपराने ढोसलं. तिने वही पुढे ओढली आणि ठसठशीत अक्षरात लिहिलं — खुर्ची : दहापैकी तीन.

दुसऱ्यांदा तो दिसला तो शहराच्या पार दुसऱ्या टोकाला, सँडविचच्या एका जागी. कोपऱ्यात बसला होता. योगायोग, असं मास्तरणीने म्हटलं आणि भुवया नाचवल्या. तपासनिशीलाही, खरं सांगायचं तर, गालाशी जरा ऊब जाणवली. तेवढ्यात तो उठून टेबलाशी आला.

"आज पण मुलीला नाही आणलंत?"

तिचा हात जागीच थांबला. बटण कधीच त्यांच्याबरोबर आली नव्हती. या माणसाशी ती सगळी मिळून दोनतीन वाक्यं बोलली होती, आणि त्यांत मुलगी नव्हती.

"कुठली मुलगी?" तिने विचारलं. आवाज साधाच ठेवला, पण पर्स मांडीवर घट्ट धरली.

तो कानापर्यंत लाल झाला. काहीतरी पुटपुटला आणि जागेवर जाऊन बसला. मग सगळा वेळ त्याचं बघणं चालू होतं. तोंडाकडे नाही, खाली. टेबलांखाली, पायांकडे. मध्येच एका छोट्या वहीत तो काही लिहायचा. समोरच्या कॉफीवर साय धरली तरी त्याने कप उचलला नाही. कॉफीसाठी न आलेला माणूस कॉफी समोर घेऊन कशासाठी बसतो?

त्या दिवशी ती दोन बस बदलून, लांबच्या वाटेने घरी गेली. कडी पाचदा ओढून बघितली. उद्यापासून बटणला बागेत नेऊ नकोस, असं आईला सांगितलं, आणि कारण विचारल्यावर भाजी जळतेय असं म्हणाली. गॅसवर भाजी नव्हती.

तिसऱ्या जागी तो जवळ आलाच नाही. लांब बसला आणि बघत राहिला. तिने कारखान्यात करते तशी नोंद केली. निळा शर्ट. डाव्या अंगठ्यावर पट्टी, आता मळकी. चपटी पेन्सिल. कॉफी गार. मान वर केली तर तो तिच्याकडेच बघत होता, आणि नजरानजर होताच इतकं ओशाळं हसला, की तिचेही ओठ हलले. तिला सगळ्यात जास्त राग आला तो या ओठांचा. एकदा यांनीच घात केला होता. हो म्हणताना हसले होते.

डॉक्टरीण म्हणाली की सरळ तक्रार करू. ती नको म्हणाली. आधी नमुना तपासायचा, मग लॉट परत करायचा. तिने मास्तरणीला पानावर एका काचेच्या कॅफेचं नाव लिहायला लावलं आणि शनिवारी तिघी त्याच्या समोर, रस्त्यापलीकडच्या बेकरीत जाऊन बसल्या, पडद्याआड.

बाराला पाच मिनिटं कमी असताना तो आला.

मास्तरणीच्या हातातलं बिस्कीट चहात पडलं. म्हणजे पान वाचूनच येतो हा, ती म्हणाली, आणि पहिल्यांदाच तिच्या आवाजात थट्टा नव्हती. समोर काचेआड तो दाराकडे बघत होता. कोणी आलं नाही. मग तो उठून दुसऱ्या खुर्चीवर बसला. अगदी कडेवर. पाठ ताठ, मागे न टेकता. झोळी मांडीवर घट्ट, दोन्ही हातांत. एक पाय पुढे, उठायच्या बेतात. तोंड दाराकडे.

"अगं," डॉक्टरीण हळूच म्हणाली, "ही तर तू आहेस."

तिला ते आधीच कळलं होतं. लेबलावर आपलंच नाव छापलेलं दिसावं तसं. मैत्रिणी थांब थांब म्हणत असताना ती रस्ता ओलांडून गेली, पावसाची भुरभुर डोक्यावर घेत, आणि त्याच्यासमोर उभी राहिली.

"माझी नक्कल का करताय?"

तो ताडकन उठला. झोळी खाली पडली. त्यातून वही, एक मापाची घडीची पट्टी आणि पुठ्ठ्याचे दहाबारा तुकडे फरशीवर सांडले.

"सांगतो," तो म्हणाला, आणि सांगेचना. ती थांबली. एक... दोन... काउंटरवरची बाई कप पुसायची थांबली. तिच्या नवऱ्याने एवढ्या वेळात तीन कारणं आणि एक कौतुक सांगून संपवलं असतं.

"या खुर्च्या माझ्या आहेत," शेवटी तो म्हणाला. "म्हणजे... मी करतो. सुताराचं काम. या शहरातले बरेच छोटे कॅफे आमच्याकडून खुर्च्या घेतात. सूपवाल्याने मला तुमचं पान दाखवलं. त्याआधीच्या जागेलाही तुम्ही तीनच दिले होते, त्याही माझ्याच. म्हणून बघायला आलो, नक्की कुठे टोचतं. तुम्ही परत तीन दिले. मग दोन."

"माझ्या मुलीबद्दल कोणी सांगितलं?"

"तुम्हीच." त्याने वही उचलून पान उघडलं. तिचाच शेरा, त्याच्या अक्षरात उतरवलेला — चार वर्षांच्या मुलीला इथे आणता येणार नाही, पाय लोंबकळत राहतील. त्याखाली एका छोट्या खुर्चीचं चित्र, पाय ठेवायला आडवी पट्टी काढलेली.

तिने त्याच्यावर विश्वास ठेवला नाही. खुर्ची उचलली, तिथल्या तिथे उलटी केली आणि खालची बाजू वाचली. लाकडात डाग देऊन उमटवलेली एक छोटी खूण, शेजारी महिना आणि वर्ष. वहीच्या पुठ्ठ्यावरही तीच खूण होती. मग काउंटरवरच्या बाईला विचारलं. बाई म्हणाली, हो, यांच्याच आहेत, आणि मागच्या महिन्यात एकीचा पाय निखळला तेव्हा दुरुस्तीला चार दिवस लावले यांनी.

"तीन," तो कसनुसा म्हणाला.

"चार," बाई म्हणाली.

"मग पहिल्याच दिवशी हे सांगायला काय झालं होतं?" तपासनिशीने विचारलं.

"सांगितलं असतं तर तुम्ही भिडेखातर मार्क वाढवले असते."

"आणि दुसऱ्या दिवशी?"

तो अंगठ्यावरची पट्टी सोलत राहिला. "दुसऱ्या दिवसाचं... उत्तर माझ्याकडे तयार नाही."

ताई इस्त्री करताना बोलली होती ते वाक्य, इतक्या वर्षांनी, उलट्या बाजूने समोर आलं होतं.

"कुठे टोचतं ते शोधायला आलो होतो," तो खाली बघून म्हणाला. "तर तुमची पाठ खुर्चीला लागतच नाही. एकदाही नाही. तुम्ही कडेवर बसता... फोन हाताशी, तोंड दाराकडे. तशी मागे मी एकच बाई पाहिली होती. माझे वडील दवाखान्यात होते तेव्हा माझी आई महिनाभर तशी बसायची." त्याने वही मिटली. "तुम्हाला घाबरवलं, ते चुकलं माझं. यापुढे येणार नाही. फक्त, खुर्ची वाईट नाहीये हो."

तो वाकून पुठ्ठे गोळा करू लागला. ती उभी होती. रस्त्यापलीकडे दोन मैत्रिणी काचेला नाक लावून बसल्या होत्या. तिने वाकून एक पुठ्ठा उचलला आणि त्याला दिला.

"येऊ नका असं मी म्हटलंय का?" ती म्हणाली. "पण पुढच्या वेळी कॉफी प्यायची. गार करायची नाही. मला संशय येतो."

पुढचे चार महिने तिने त्याला तपासलं. तपासलं म्हणजे अगदी तपासलं. न कळवता दुपारची त्याच्या सुतारकामाच्या कारखान्यात जाऊन आली, करवतीच्या आवाजात त्याच्या आईशी बोलून आली, दोनदा वेळ बदलून पाहिली. तो प्रत्येक प्रश्नाला वेळ घ्यायचा आणि कधी कधी चक्क 'माहीत नाही' म्हणायचा. शेवटी ताईला आणि बटणला तिथे घेऊन गेली. ताईने त्याला तीन प्रश्न विचारले. दोहोंत तो अडखळला, तिसऱ्याला 'उद्या सांगतो' म्हणाला. ताईने पर्स बंद केली आणि बटणला घेऊन लाकडाच्या ढलप्या गोळा करायला अंगणात गेली. ताईच्या हिशेबी याहून मोठं सर्टिफिकेट नव्हतं.

मग त्याने कोपऱ्यातलं फडकं बाजूला केलं. खाली एक खुर्ची होती. साधीच, पण बसायची फळी आखूड.

"तुम्ही मागे येत नाही," तो म्हणाला, "म्हणून... पाठ पुढे आणली."

तिने आधी ती उलटी करून खिळे बघितले. सांधे दाबले. खूण वाचली, महिना आणि वर्ष बरोबर होतं. मग बसली, नेहमीसारखी, कडेवर, दाराकडे तोंड करून, आणि लाकूड आपण होऊन तिच्या पाठीला लागलं. तिने श्वास सोडला. केव्हापासून धरून ठेवला होता कोण जाणे.

तो उभाच होता, अंगठा चोळत. "किती?"

"आठ."

"दोन कुठे गेले?"

"ते तपासायला ठेवलेत," ती म्हणाली. "वेळ लागेल. घरी येत-जात राहावं लागेल तुम्हाला."

"किती वेळ?"

"त्याचं उत्तर माझ्याकडे तयार नाही."

तो हसला, आणि या वेळी तिने ओठांना अडवलं नाही.

तेव्हा एक काम करा. पुढच्या वेळी मैत्रिणींबरोबर कुठे बसाल, चहा येईपर्यंत जरा टेबलाभोवती नजर टाका. तुमच्यातली एखादी असेल, थट्टामस्करीत सगळ्यांच्या पुढे, पण खुर्चीच्या कडेवर, पर्स मांडीवर, तोंड दाराकडे. तिला तिथे काही विचारू नका, ती तुम्हाला हसत तयार उत्तर देईल. नुसतं बघा, तिची पाठ टेकली आहे का. नसेल, तर घरी गेल्यावर तिला एक फोन करा.