मागची खोली ठेवून विकलेलं घर

ते दार लोटून घे रं नथू. आन कंदील जरा हिकडं सरकव, वारं लागतंय त्याला. तुमी दोघं भाऊ उद्या माले गावाला जागा बघायला निघालाय म्हणं. जा की. जागा घेण्यात वाईट काय न्हाई. पर जयसिंगाचं ऐकून जा. जयसिंग माझा जोडीदार, ह्याच आपल्या पौडाकडल्या आंबोलीतला. रातचं काय घडलं ते त्येनं मला सोता सांगितलेलं, आन सकाळचं मी माझ्या डोळ्यानं बघितलेलं.

पानशेत फुटलं त्येच्या पुढच्या सालची गोष्ट. जयसिंग पौडात भाताच्या गिरणीत कामाला व्हता. डोकं तेज. त्येच्या ध्यानात आलं, की रस्त्याच्या कामावर बाहेरची माणसं येतायत, मास्तर येतायत, कंपौंडर येतायत, आन त्यास्नी राहायला खोली मिळत न्हाई. तवा आपल्याकडं घर म्हणजे राहायला. एकच. दुसरं घर भाड्यानं द्यायला घ्यायचं आन त्या भाड्यातनं तिसरं उभं करायचं, हे ऐकून लोक हसायचे. मी बी हसलो.

पहिलं घर त्येनं घेतलं ते माल्यात. सारजाबाई म्हणून एक म्हातारी व्हती. नवरा गेलेला, पोटी कुणी न्हाई. तिनं घर स्वस्तात दिलं, पर दोन गोष्टी मागितल्या. मागची खोली मरेस्तोवर माझी. आन हप्त्यातनं एकदा दिवेलागणीला येऊन माझ्यापाशी बसायचं.

"बसून काय करू, आत्या?" जयसिंगानं विचारलं.

"बोलायचं. दुसरं काय? दिवा लावला की हे घर अंगावर येतं बघ."

"येत जाईन की," ह्यो म्हणला, आन तिच्या हातावर हात ठिवला. पहिल्या घराची हौस. तवा माणूस कशालाबी व्हय म्हणतो.

दोन-तीनदा गेला. मंग पुढच्या खोल्या रस्त्याच्या ओव्हरशियरला दिल्या आन ह्यो भरं गावातल्या दुसऱ्या जागेमागं लागला. दिसभर गिरणी, सांजचं भरं. भाडं न्यायला माल्याला जायचा, पर पुढच्या दारानं जाऊन पुढच्याच दारानं यायचा.

घरी त्येची बायको कमळ. तिला माहेर न्हवतं, आई लहानपणीच वारलेली. ह्यांचं घर बी गावात न्हाई, वढ्यापल्याडच्या रानात. पहिलटकरीण, दिस भरत आलेलं. ह्यो घरी यायचा तवा ती भाकरी झाकून निजलेली असायची. एकदा माझ्यासमोरच म्हणली, "भावजी, ह्यांनी दोन घरं केली. आन राहतात एकात बी न्हाईत."

जयसिंग हसला. "थोडी कळ काढ. एकदा बस्तान बसलं की तुझ्यापाशीच बसून राहणार हाय."

म्हातारी भादव्यात गेली. ओव्हरशियर सुट्टीवर व्हता, त्यामुळं लोकांस्नी कळलं ते दुसऱ्या दिशी. मातीला मी व्हतो. परत आलो तर जयसिंग त्या मागच्या खोलीत उभा राहून भिंतीवरनं हात फिरवत व्हता. "गिलावा केला की ही बी जाईल भाड्यानं," म्हणला.

आता त्या दिसाचं ऐका. मार्गशीर्षातली वद्य चतुर्दशी, रविवार. सकाळी निघताना कमळ म्हणली, "आज लवकर या. कंबर धरलीया माझी."

"पौडचा कंपौंडर खोली बघायला येणार हाय. त्येला दावतो आन दिवे लागायच्या आत येतो."

सायकल काढली आन गेला.

कंपौंडर आलाच न्हाई. ओव्हरशियर बी पुण्याला गेलेला. जयसिंगानं वाट बघितली, ऊन उतरलं. आलोच हाय तर खोली झाडून जावं, म्हणून कंदील घेऊन मागं गेला. कोपऱ्यातलं जाळं काढलं. आन पाठीमागं दार लागलं.

वारं न्हवतं.

त्येनं ढकललं. हलंना. बाहेरनं कुणी कडी घातली म्हणावं, तर कडी नुसती लोंबताना फटीतनं दिसत व्हती. खांदा दिला. लाथा घातल्या. हाताची सालटी निघाली. खिडकी म्हणजे एवढीशी, लाकडी गजांची. कंदिलाची वात वर केली तरी उजेड बारीकच.

मागनं आवाज आला.

"आलास?"

त्येनं वळून बघितलं. भिंत. थंड चूल. बाकी काय न्हाई.

"बस."

काय म्हणतोस नथू? म्हातारी दिसली का? न्हाई रं. दिसली असती तर बरं झालं असतं. दिसणाऱ्या माणसाला हात तरी जोडता येतात.

ह्यो दाराला पाठ लावून खाली बसला. म्हणला, "आत्या... मला जायचं हाय."

आन तोंड मिटलं तसा श्वास अडला. छातीवर भाताचं पोतं ठिवावं तसं झालं. खोली लहान झाली, म्हणायचा. भिंती हलल्या न्हाईत. पर लहान झाली.

"भात झोडला का?" आवाज मायेचा. म्हणून जास्त भ्या.

"झ... झोडला."

श्वास आला.

तवा त्येला कळलं. बोललं की श्वास येतो. गप बसलं की जातो. मंग बोलत राहिला. भाताचं. गिरणीचं. भऱ्याच्या जागेचं. एक बोलणं सरलं की तिकडनं यायचं...

"मंग?"

परत बोलायचं.

रस्त्यानं बैलगाडी आली. वरल्या वाडीचा गेणबा. घुंगरांवरनं वळखली गाडी. जयसिंगानं गजांना तोंड लावलं आन जीव खाऊन हाका मारल्या. गाडी थांबली. गेणबा उतरून खिडकीखाली आला. उभा राहिला. जयसिंगाला त्येचा फेटा दिसत व्हता, हात घातला असता तर लागला असता. गेणबानं कान दिला. हसला. आन गेला.

पुढं मला भेटला तवा मी त्येला इचारलं. म्हणला, "मला कुटं हाक आली? आत तुझा जोडीदार कुण्या म्हातारीसंगं गप्पा मारीत व्हता. गोडीनं हसत व्हता. म्हणलं कशाला मधी जा." म्हातारी गेल्याचं गेणबाला ठावंच न्हवतं.

घुंगरं लांब गेली.

"मंग?"

कंदील विझला.

जयसिंगाकडं सांगायला काय उरलं न्हाई. लहानपण सांगितलं. बाप कसा मारायचा ते सांगितलं. जे कमळला कधी बोलला न्हाई ते सगळं त्या अंधारात बोलला. घसा फुटला. शब्द येईना.

"मंग?"

...

"मंग रं?"

आवाज जवळ आला. हितं. कानापाशी.

छाती दाबली. डोळ्यापुढं काजवं. तेवढ्यात त्येच्या तोंडनं निघालं, "आत्या... कमळ. तिचं दिस भरल्यात. दुखत व्हतं सकाळी. घरात कुणी न्हाई... ती एकटी हाय."

गप.

मंग अगदी हळू.

"एकटी?"

आन शेजारनं कुणी उठून जावं तसं झालं. खोली रिकामी. पाठीच्या भारानंच दार उघडलं आन ह्यो बाहेर उताणा पडला.

सायकल कशी हाणली त्येचं त्येला ठावं. पौड सोडल्यावर चेन तुटली, तर सायकल टाकून पळत आला. वाटेत धोंडाबाई सुईणीला उठवलं. फटफटताना दोघं माझ्या दारात. "हैबत, चल," एवढंच म्हणला. आवाज घोगरा, डोळं लाल. मी तसाच निघालो.

जयसिंगानं पुढं जागा घेतल्या बरं का. न्हाई असं न्हाई. भऱ्याची बी झाली. पर दिवेलागणीला घरात. माल्याची मागची खोली कुणाला दिली न्हाई. हप्त्यातनं एकदा कमळला अन पोरीला घेऊन जायचा, घटकाभर तितं बसून यायचा. काय बोलायचा, ते मी इचारलं न्हाई.

आता त्या सकाळचं सांगतो, आन निजा.

वढा वलांडून आमी तिघं पोचलो. दार आतनं बंद. हाका मारल्या, कमळची ना व्हय ना न्हाई. नुसतं लेकराचं रडं. जयसिंग कौलं सरकवून आत उतरला, त्येनं कडी काढली. कमळ निपचित पडलेली. अंगात ताप, पर श्वास चालू. दुपारी शुद्धीवर आली तवा म्हणली, कळा आल्या, डोळ्यापुढं अंधारी आली, त्येच्या पुढचं काय आठवत न्हाई.

तिच्या कुशीला पोरगी. धुतलेली. फडक्यात गुंडाळलेली.

धोंडाबाई खाली बसली. फडकं सोडलं. बघत राहिली. मंग मान वर करून आमच्याकडं बघितलं.

"मला कशाला आणलंसा?" म्हणली. "नाळ तर कापून बांधलीया."