टाकीतला नांगर

खंडोबाची आण घेऊन सांगते, यातला शब्द न् शब्द खरा हाय. खोटं निघालं तर जीभ झडू दे माझी.

तासगावच्या बेदाण्याच्या कारखान्यात टाकीवर कामाला असलेला जयराज मेला. द्राक्षाचा गर घोटायच्या मोठ्या टाकीच्या बुडाशी गुडघं पोटाशी घेऊन पडला हुता, हातात उलथणं. बाप केरबा तिथंच फिटर, भिंतीला टेकून उभा. आई अंबूबाई दाराशी ठाण मांडून बसली.

"कुणामुळं गेला त्ये नाव सांगा," ती म्हणाली. "तवर मी पोरगं उचलू द्यायची न्हाई."

फौजदार क्रांती आली. डॉक्टर म्हणालं, सुट्टीत बुडाला राहिलेला गर आंबला, त्या हवेनं पोराचा श्वास कोंडला. सगळ्यांनी अपघात म्हणून मान डोलावली. क्रांतीला मात्र एकच सल, पोरगं आत उतरलंच कशाला?

तिनं बॅटरी मारून बघितलं. गर कडंनं जळून खापरीवानी चिकटलेला, मधी सगळं लखलखीत. दांड्याला तीन पात्यांचा पंखा.

"हा पंखा कशाला लागतो?" तिनं मालक सुकुमारअण्णांना इचारलं.

"पातळ सरबताला. मधलं तेवढं गरागरा फिरवतोय. दाट गराला नांगर लागतो, जहाजाच्या नांगरावानी रुंद पातं. तो कड घासत सावकाश फिरतो, चिकटूच देत न्हाई."

"मग नांगर कुठं हाय?"

"खंडेनवमीला पूजेला उतरवला हुता. मागनं टाकीचं झाकण बंद, आत काय बसवलंय कोण बघतंय?"

कामाला येणारी भामाबाई मागनं बोललीच, "अण्णा, तुमी कुंकू लावलेलं बी भंगारात घालाल." अण्णांनीच नांगर इकला म्हणून माणसं त्यांच्या अंगावर जायच्या बेतात आली.

तेवढ्यात हवालदाराला नांगर घावला. बेदाण्याच्या शेडमधी, पेट्यांच्या मागं, तेल लावून गोणपाटात गुंडाळलेला. कुणी लपवला, कुणी लपवला, एकच गलका झाला. केरबानं मात्र एवढंच इचारलं, "गंजला तर न्हाई न्हवं?"

क्रांती अंबूबाईजवळ खाली बसली.

"मावशी, भंगारात घालणारा तेल लावत न्हाई. चोर बी लावत न्हाई. ज्याला तो परत बसवायचा हाय, तोच जपून ठेवतो. आन् पूजेनंतर पाती बसवायचं काम एकाच माणसाचं." तिनं मान वर केली. "का केलंसा, केरबाकाका?"

केरबानं भिंतीचा टेका सोडला. मग म्हणाला, "भरतीचं वय सरत आलतं त्याचं. हितं कायम झाला असता तर मैदानाकडं फिरकला नसता. वाटलं, एक घाणा बिघडंल, अण्णा घरी धाडतील, पोरगं फौजेत जाईल. त्यो चिकटलेला गर खरवडून घाणा वाचवाया आत उतरंल, ह्ये माझ्या ध्यानातच आलं न्हाई."

अंबूबाई उठली. नवऱ्याच्या पाठीवर हात ठेवला आन् म्हणाली, "उचला आता."

बरं, एक कबूल करते. पाठीवरचा हात माझ्या पदरचा. ती नुसतं "उचला" म्हणाली. केरबा खांदा द्यायला पुढं झाला, तवा तिनं त्याला मागं सारलं.