कासार आळीतलं न संपणारं सुतक

कासार आळीत रोज पहाटे भिंतींतले खिळे आपोआप बाहेर पडत. त्यांच्यावरची कॅलेंडरं, आरसे, लेकीच्या लग्नाचे फोटो, सगळं धाडकन खाली. मग आळीतल्या बाया उठून, शिव्या हासडून, पुन्हा खिळे ठोकत. ह्याला म्हणे जतन म्हणायचं.

आळी जपायची म्हणणारे शहाणे आणि तिथं दुकानं थाटायची म्हणणारे लबाड, दोघं वर्षानुवर्षं एकमेकांच्या झिंज्या उपटत होते. मग डॉक्टर उन्मेष टिपणीस आपला पूर्वरूप लेप घेऊन आले आणि दोघांनी एकाच ताटात जिलेबी खाल्ली. डोळ्यांना न दिसणारे यंत्रकण त्या लेपात होते. आळीतल्या प्रत्येक विटेची, लाकडाची, चुन्याच्या कणाची जागा त्यांनी एकदा टिपून घेतली. त्यानंतर दिवसभरात काहीही तोडा, रंगवा, उकरा; पहाटे ते कण आसपासची धूळ ओढून सगळं टिपल्यासारखं करून ठेवत. म्हणजे बिल्डरनं तळमजल्याच्या भिंती पाडून कॉफी विकावी आणि दुसऱ्या दिवशी सरकारी समितीनं येऊन जुनी आळी कशी अभंग आहे ते बघावं. वरच्या मजल्यावर माणसं राहतात, हे कुणाच्या ध्यानातच आलं नाही.

सगुणा कासाराच्या घरात मात्र घोळ झाला. लेप लावला तेव्हा तिच्या सासऱ्यांचा, आबांचा, दहावा व्हायचा होता. आबा गेले त्या जागी, सोप्याच्या कोपऱ्यात, पीठ पसरून त्यावर टोपली पालथी घातलेली. मेलेला माणूस कुठल्या जन्माला गेला त्याची खूण पिठात उमटते, अशी आळीची समजूत, आणि दहाव्यापर्यंत ते पीठ कुणी हलवायचं नाही. लेपवाल्या पोरांनी भिंतींतले खिळे उपटून जमीन मोकळी करायला सांगितली. घरच्यांनी कपाट हलवलं, खाट हलवली, टोपलीसुद्धा उचलली. पीठ हलवलं नाही.

तेव्हापासून रोज पहाटे तो पांढरा थर कोपऱ्यात हजर. पीठ नव्हे, धुळीची भुकटी. पण तशीच, आणि तिच्यात पाखराच्या पायासारखी तीन रेघांची खूण.

"कावळा झाले आबा," सगुणाचा नवरा मुकुंदा हात जोडून म्हणाला.

"कोंबडी म्हणा," सगुणा म्हणाली. "जन्मभर दुसऱ्याचं उकरलं. अंथरुणात होते तोवर मी घाण काढली, आता मेल्यावर रोज झाडून काढते."

हेही तिनं सोसलं असतं. पण लेक रेवती पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली, मुलगी झाली, आणि विहीणबाईंनी निरोप धाडला: ज्या घरात रोज मयताचं पीठ पडतं, त्या घरात आमचं बाळ पाळण्यात घालायचं नाही. पीठ गेलं तर बारसं तुमच्याकडे, नाहीतर आम्ही आमच्या घरी उरकू. पहिलटकरीण लेकीच्या बाळाचं बारसं माहेरी नाही, म्हणजे सगुणानं आळीत तोंड कुठं दाखवायचं?

तिनं टिपणीसांना बोलावून त्या कोपऱ्यापाशीच बसवलं.

"पुसा हे."

"बाई, कण फक्त टिपलेली स्थिती ओळखतात. त्यांच्या लेखी हा थर घराचाच भाग आहे, तुळईसारखा."

"आणि माझी नात?"

"ती... नंतर आली ना."

"म्हणजे मेलेला घरचा आणि जिवंत उपरी. केवढं शिकलात हो तुम्ही!"

टिपणीस ओशाळले. एक उपाय होता, फेरटिपण. कोपरा झाडून घ्यायचा आणि कणांना नव्यानं सगळं टिपायला लावायचं. पण साऱ्या आळीचं टिपण एकच, तेव्हा प्रत्येक घराचा होकार हवा.

होकार कसला मिळतो! ती खूण बघायला लांबलांबून गाड्या येत होत्या. जी आळी आबांच्या तिरडीला खांदा द्यायला कुरकुरली, ती आता आबांच्या पावलाच्या छापाच्या बांगड्या विकत होती. सगुणाच्या तोंडावर एकेकानं दार लावलं.

आणि मग अचानक टिपणीस हसत आले. "बाई, सगळे कबूल झाले! शेजारच्या वत्सलाबाईंनीच सगळ्यांना राजी केलं."

"कधी करताय?"

"तारीख मात्र त्या सांगणार आहेत."

"कशाला? मुहूर्त बघतेय?"

टिपणीस चष्मा पुसायला लागले. "आबांची खूण जाणार. गिऱ्हाईक टिकवायला दुसरी एखादी हवी, असं त्यांचं म्हणणं. त्यांचे सासरे दगडूमामा... डॉक्टरांनी आशा सोडलीय. ते गेले, पीठ पसरलं, त्यात खूण उमटली, की त्याच दिवशी टिपायचं."

"आणि तुम्ही हो म्हणालात?"

"मी तर फक्त टिपतो, बाई."

सगुणानं त्यांना जिन्यापर्यंतसुद्धा पोचवलं नाही. वत्सलेची तिनं अशी काही हजेरी घेतली की तळमजल्यावरचं गिऱ्हाईक कॉफी टाकून वर बघायला लागलं. वत्सला सगळं ऐकून घेऊन शांतपणे म्हणाली, "नको असेल तर तुझा होकार काढून घे. मग राहू दे कोपऱ्यात तुझा सासरा आणि जाऊ दे नात."

सगुणा तशीच परतली. होकार तिनं काढून घेतला नाही.

दगडूमामांची खाट वत्सलेनं सोप्यावर, रस्त्यावरून दिसेल अशा जागी आणून ठेवली होती. आळीतला जो तो जाता-येता मान वर करून बघे. लग्नात ह्याच दगडूमामांनी सगुणाला चुडा भरला होता, आणि मनगट दुखलं म्हणून ती रडली तेव्हा दोन बांगड्या जास्तीच्या दिल्या होत्या.

विहीणबाईंचा पुन्हा निरोप आला: आणखी किती थांबायचं?

सगुणा पेजेची वाटी घेऊन वत्सलेच्या सोप्यावर गेली. म्हाताऱ्यानं डोळे उघडले.

"कसं वाटतंय आज, मामा?"

"बरं वाटतंय गं पोरी. रात्री झोप लागली."

वाटी तिच्या हातात तशीच राहिली. भरवायला चमचा उचलावा, तर हात काही उठेना.