कानाईचा कौल

कानाईला विचारल्याशिवाय त्या गावात आता कुणी अंथरूण घालत नसे. दिवेलागणीला माणसं देवळाच्या सभामंडपात येत, खांबावर बसवलेल्या करड्या पेटीसमोर उभी राहत आणि आपापल्या वाडीचं नाव घेत. पेटी शांत आवाजात सांगायची, डोंगर स्थिर आहे. किंवा, पाणी मुरतंय, सकाळी पुन्हा विचारा. मग घरोघरी ताटं वाढली जात.

सरकारी कागदांत ती भूश्रवण यंत्रणा होती. डोंगरात ठिकठिकाणी पोलादी कांबी पुरल्या होत्या. माती सरकण्याआधी तिचे कण एकमेकांवर घासतात, मुरणाऱ्या पाण्याचा सूर बदलतो. माणसाला ऐकू न येणारे हे आवाज कांबी टिपत, आणि पेटी ते आजवर कोसळलेल्या डोंगरांच्या आवाजांशी ताडून पाही. ती देवळात बसवली, कारण गाव तिथे जमतं. पण एका पावसाळ्यात तिच्या सांगण्यावरून खालची वाडी रिकामी झाली आणि सकाळी वाडीच्या जागी नुसता लाल चिखल उरला, तेव्हापासून पेटीपुढे नारळ येऊ लागले. गावच्या देवी पावणाई, जाखाई, तशी ही कानाई.

तिच्या नावावर काही खपवायची मात्र सोय नव्हती. गुरवाने एकदा मंडपात ठणकावून सांगितलं की कानाई म्हणते, गौरी जाईपर्यंत पाऊस नाही. लगेच खांबावरून आवाज आला, "मी असं म्हटलेलं नाही. पावसाचं मला कळत नाही." गुरवाचा चेहरा बघून सगळ्यात मोठ्याने हसले ते वरच्या वाडीतले धुरी मास्तर.

श्रावणात, कानाईने सकाळी वरची वाडी स्थिर असल्याचं सांगितलं त्याच दुपारी, धुरी मास्तरांचं घर डोंगराखाली गेलं. मास्तर आत वाचत बसले होते. त्यांची मुलगी ऋजुता पुण्याहून पोचली तेव्हा लोक चिखलातून पुस्तकं काढून पत्र्यावर वाळत घालत होते.

आता भाद्रपदात ती वडिलांच्या पहिल्या मासिक श्राद्धासाठी आली, तर गावचे मानकरी आबा परब तिला भेटायला आले. त्यांनी चहा घेतला, मास्तरांच्या आठवणी काढल्या आणि मग समजुतीच्या सुरात सांगितलं की संध्याकाळी कानाईपुढे गाऱ्हाणं घालून मास्तरांसाठी माफी मागायची आहे, नारळ तिने धरावा. मास्तर माणूस देवासारखा, पण कानाईला पेटी म्हणायचे. काठीने तिच्यावर टकटक करून, आज माझं भविष्य काय गो, असं विचारायचे. म्हणून कानाईने त्यांच्याकडे पाठ फिरवली. नाहीतर वाडीतलं नेमकं त्यांचंच घर का जावं? कानाई चुकेल कशी?

ऋजुताने वाद घातला नाही. तिला एकच हवं होतं. यंत्र चुकलं, धुरी मास्तर नाही, एवढं गावाने एकदा तोंडाने म्हणावं. तसं म्हटलं, तर पेटीच्या भरवशावर त्याच उतारावर अजून राहणाऱ्या वासंतीकाकी आणि त्यांच्या शेजारची दोन बिऱ्हाडं हस्ताच्या पावसाआधी तिथून हलतील.

मंडपाकडे जाताना तिला वडिलांचा खेळ आठवत होता. पुराणं, परक्या देशांच्या दंतकथा, अलीकडच्या अद्भुत कादंबऱ्या, सगळं दोघं मिळून वाचत. त्यातला कुणी एक उचलायचा आणि तो देव आहे की नाही ते ठरवायचं. ती म्हणे, देव तो जो मरत नाही. ते म्हणत, समंधही मरत नाही, त्याच्या पाया कोण पडतं? आणि बर्फाळ मुलखातल्या कथांत देव म्हातारे होऊन मरतात, तरी देवच राहतात. ताकद म्हणावी तर राक्षसांकडे जास्त. ज्ञान म्हणावं तर यक्षही सर्व जाणतो आणि तळ्याकाठी पहारा करत बसतो.

"वेताळाचं बघ," ते म्हणत. "घाटावर भूत, आपल्याकडे ग्रामदेव. वेताळ तोच. फरक आपल्यात आहे. पण नेमका कोणता, ते काही मला सापडत नाही."

मंडप भरला होता. आबांनी गाऱ्हाणं सुरू केलं. "गे आये कानाई, धुरी मास्तरान जाणता-अजाणता तुझो अपमान केलो असात, तर त्येची चूक पोटात घाल. त्येच्या चेडवाक सुखी ठेव."

"होय म्हाराजा," गाव एकसुरात म्हणालं.

आबांनी नारळ पुढे केला. ऋजुताने हात मागे घेतले आणि ती सरळ पेटीशी बोलली. "त्या दिवशी तू चुकलीस का?"

"हो," पेटी म्हणाली. "माझं अनुमान चुकलं. तिथल्या कांबी जांभ्या दगडात आहेत. जांभ्याखालच्या मातीतलं पाणी मला ऐकू आलं नाही. धुरी मास्तरांचा काही दोष नव्हता."

ऋजुताला क्षणभर वाटलं, झालं. मग मागच्या कुठल्याशा बाईने हुंदका दिला आणि आबांचे हात आपोआप जोडले गेले.

"बघितलंस?" ते कापऱ्या आवाजात म्हणाले. "दोष आपल्यार घेतल्यान. माफ केल्यान गो त्येका."

"मी दोष वर घेतलेला नाही," पेटी म्हणाली. "तो माझाच होता."

"होय म्हाराजा," गाव म्हणालं, आणि या वेळी कितीतरी डोळे ओले होते.

नारळ आबांनीच फोडला. लोक प्रसादाला अंगणात उतरले. ऋजुता खांबाशीच उभी राहिली. वडिलांना न सापडलेलं उत्तर तिच्या हाती आलं होतं आणि ते सांगायला कुणी उरलं नव्हतं. जो चुकला तरी चूक दुसऱ्याची ठरते, तो देव. मग त्याने स्वतः ओरडून सांगितलं तरी सुटका नाही. त्याचीही नाही, आपलीही नाही.

वासंतीकाकी शेजारच्यांना घेऊन पायरीवर घुटमळत होत्या. लहानपणी यांच्याच ओसरीवर ऋजुताने फणसाचे गरे खाल्ले होते. "गो ऋजू," त्या दबकत म्हणाल्या, "तुझ्याशी ती मनातला बोलता. आमच्या घराचा इचार मगे."

ऋजुताने पेटीच्या अगदी जवळ जाऊन विचारलं. एवढ्या जवळ कुणी आलं की पेटी आवाज लहान करी.

"त्या घरांखालीही तोच जांभा आहे," ती म्हणाली. "तिथलं मला सांगता येत नाही."

"मग त्यांना तिथून जायला सांग."

"पुराव्याशिवाय कुणाला घर सोडायला सांगण्याची मला मुभा नाही."

"सांगता येत नाही एवढं तरी सांग."

"रोज सांगते. त्या म्हणतात, वाईट असतं तर कानाईने सांगितलंच असतं."

ऋजुता वळली. काकींनी पदर सावरून हात जोडले होते. ते पेटीकडे नव्हते, ऋजुताकडे होते. बाबा असते तर त्यांनी पुन्हा पहिल्यापासून समजावलं असतं, जांभा, माती, पाणी. फळ्यावर आकृती काढली असती. आणि काकी आज त्याच घरात झोपल्या असत्या.

"ती म्हणते," ऋजुता म्हणाली, मंडपाला ऐकू जाईल इतक्या स्पष्ट, "आजच घर सोडा. पाऊस सरेपर्यंत शाळेत राहा."

कुणी एक प्रश्न विचारला नाही. काकींनी वाकून तिच्या पावलांना हात लावला. ती पाय मागे घेईपर्यंत लावूनही झाला होता. मग त्या शेजारच्यांशी गाद्या, भांडी, गाभण गाय यांचं बोलत घाईने उतरू लागल्या.

ऋजुता तशीच थांबली, पाठ पेटीकडे करून. आता खांबावरून ते शब्द येणार होते, गुरवाला आले तसे. मी असं म्हटलेलं नाही. काकी शेवटच्या पायरीवर पोचल्या, अंगण ओलांडलं, वळणाआड झाल्या.

ऐकताना लागणारा पेटीचा हिरवा दिवा जळत होता, म्हणजे तिने सगळं ऐकलं होतं. मग ती गप्प का राहिली?