कोठडीतला दुसरा

काम तसं साधंच होतं. कचेरीत जायचं, एका कागदावर सही करायची आणि ऊन उतरायच्या आत घरी परतायचं. लोहाराची लेक शाळा शिकलेली, तिला कागद वाचता येत होता, म्हणून ती बापाबरोबर निघाली.

लोहाराला सगळी वस्ती ऐरण म्हणायची. कितीही घाव घाला, जागचा हलणार नाही असा माणूस. एके काळी वस्तीतल्या प्रत्येक पुरुषाच्या भाल्याचं पातं त्याच्याच भट्टीतून निघायचं, आणि भांडणतंट्यात शेवटचा शब्द त्याचा. मग परके साहेब आले. पुढे ते गेलेही, पण त्यांच्या खुर्च्या तशाच राहिल्या. त्यांत आपलीच माणसं बसली. आता हुकूम निघाला होता, पाती घडवणं बंद. तसं लिहून द्या.

"सही करा आणि मोकळे व्हा, बाबा," लेक वाटेत म्हणाली.

"तू मुलगा असतीस तर असं बोलली नसतीस."

हे वाक्य तिला लहानपणापासून पाठ होतं. त्या घरात मऊपणाला थारा नव्हता. तिचा काका, लोहाराचा धाकटा भाऊ, आजोबा गेले तेव्हा चारचौघांत हमसून हमसून रडला. लोहारानं त्याला दंडाला धरून उंबऱ्याबाहेर काढलं. "रडून झालं की ये," म्हणाला. तिसऱ्या दिवशी काका खाणीच्या पाण्यात सापडला. लोहारानं तेव्हाही टिपूस गाळलं नाही. काकाचं नाव मात्र त्या दिवसापासून घरात कुणी काढलं नाही.

कचेरीत दुपारची सुस्ती होती. वस्तीतले पुरुष आपापल्या कामांसाठी पलीकडच्या बाकांवर बसले होते. शाईचा आणि जुन्या कागदांचा कुबट वास. शिपायानं पाणी आणलं. तीन पेले.

"आम्ही दोघंच आहोत," लेक म्हणाली.

शिपायानं बाकाच्या टोकाकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "त्यांना द्या, ताई. आल्यापासून रडतायत ते..."

बाकाचं टोक रिकामं होतं. तिनं कान दिला, आणि मग तिलाही ऐकू आलं. तोंडावर हात दाबून कुणीतरी रडत होतं. श्वास अडकत होता, सुटत होता. तिनं बापाकडे पाहिलं. त्याची मान ताठ झाली होती, नजर समोरच्या भिंतीवर.

"आमच्यात कुणी रडत नाही," तो मोठ्यानं म्हणाला. विचारलं कुणीच नव्हतं.

कारकुनानं कागद पुढे सरकवला. लोहारानं तो टराटरा फाडला आणि बाकांवर बसलेल्या वस्तीतल्या पुरुषांकडे वळून गरजला, "उठा! बायकांसारखे काय बसलात? चला माझ्यामागे!"

पंधरा-वीस जण होते. प्रत्येकाच्या घरी त्यानं घडवलेलं पातं. कुणी चपलेकडे पाहिलं, कुणी खिडकीबाहेर. एकही उठला नाही. मग दोन हवालदारांनी त्याला धरून मागच्या कोठडीकडे ओढलं, आणि ऐरण हलली.

दिवस कलला तसे कोठडीतून हुंदके येऊ लागले.

"पहिल्यांदा आत आले की भलेभले रडतात," हवालदार हळहळला.

लेक गजांशी गेली. बाप भिंतीला पाठ लावून बसला होता. ओठ घट्ट मिटलेले, डोळे कोरडे ठणठणीत. रडणं त्याच्या शेजारून येत होतं.

"बाबा..."

"तुला ऐकू येतंय ना?"

"येतंय."

त्यानं शेजारच्या रिकाम्या जागेकडे पाहिलं. मग जन्मात पहिल्यांदा त्यानं लेकीचा सल्ला विचारला. "मी... हाक मारू त्याला?"

"मारा, बाबा. नावानं मारा."

त्यानं तोंड उघडलं. गळ्याची शीर फुगली. शेजारचं रडणं थांबलं, जणू कुणी कानांत प्राण आणून वाट बघत होतं. पण नाव काही बाहेर पडेना.

"घरी जा," तो शेवटी म्हणाला. "जमत नाही मला."

सकाळी तो तसाच ताठ बसलेला सापडला. थंडगार. अंगावर ओरखडासुद्धा नव्हता.

वस्तीतून कुणी आलं नाही. तिनं परगावच्या गाडीवानाची बैलगाडी ठरवली आणि बापाशेजारी बसली. भर उन्हात, उतारावर, मागून रडणं ऐकू आलं. आता दोन आवाज होते. एक ओळखीचा झालेला. दुसरा जाड, खरखरीत, दर हुंदक्याला ठेचकाळणारा, रडायची सवयच नसल्यासारखा.

गाडीवानानं वळून पाहिलं. "ताई, त्या दोघांना घ्यायचं का गाडीत? म्हाताऱ्याला चालवत नाहीये. धाकट्यानं धरलंय म्हणून उभा तरी आहे."

तिनं मागे पाहिलं. रस्ता नजर पोहोचेपर्यंत रिकामा होता.

"थांबवा," ती म्हणाली.

हुंदके जवळ आले आणि थांबले. मागची फळी करकरत खाली दबली. मग पुन्हा एकदा, आणखी खाली.

"जरा सरकून घ्या, ताई," गाडीवान म्हणाला.

ती सरकली. दोन्ही बाजूंनी तिच्या खांद्यांवर वजन आलं, आणि बैल काही केल्या पाऊल उचलेनात.