उणे तेहतीस

शुक्रवार, चौदा मार्च. सकाळी आठ वाजता कॅनडाच्या उत्तर टोकाच्या इनुविक गावात बाहेर तापमान उणे छत्तीस होते आणि एमेट ब्लेकचा ट्रक सुरू होत नव्हता. इंजिन उबदार ठेवणारी वायर आदल्या संध्याकाळी सहा वाजता त्याने अंगणातल्या खांबावरच्या विजेच्या सॉकेटला लावली होती. मी आणि खाणावळवाल्या बर्निस आजी, दोघींनी ते पाहिले होते. सकाळीही वायर तिथेच होती. त्याच खांबाला जोडलेला माझा ट्रक पहिल्या किल्लीला सुरू झाला.

एमेटला मी नऊ दिवस ओळखत होते. डॉसन गावाच्या उत्तरेला, वस्ती संपून खडीचा रस्ता डोंगरांत शिरतो तिथे, मी गुडघ्यांवर बसून बारमाही गोठलेल्या जमिनीतल्या नळीत तापमापक सोडत होते. थांबलेल्या गाडीला ओलांडून आमच्याकडे कुणी पुढे जात नाही. तोही थांबला.

“बंद पडली?”

“नाही. तापमान घेतेय.”

“कुणाचं?”

“जमिनीचं.”

“मग... ताप आहे?”

“उणे दोन. गेल्या वर्षी उणे अडीच होतं.”

“म्हणजे कणकण आहे,” तो गंभीरपणे म्हणाला, “काळजी घ्या, डॉक्टरीणबाई.”

तो गावोगावच्या शाळा-दवाखान्यांतल्या, खोल्या तापवणाऱ्या भट्ट्या दुरुस्त करत उत्तरेकडे चालला होता. त्याची गावे आणि माझ्या नळ्या एकाच रस्त्यावर होत्या. तेव्हापासून दोन ट्रक एकमेकांच्या नजरेच्या टप्प्यात धावू लागले. बर्फावर लांबलेली निळी सावली, वळणावर उभी कॅरिबू हरणांची रांग, आणि आरशात त्याचे दोन दिवे... मी आरशात गरजेपेक्षा जास्त वेळा पाहत होते. ही नोंद मी कुठे केली नाही.

ईगल प्लेन्सच्या मुक्कामाहून निघताना मी वायर न काढताच ट्रक हाकला. दोन किलोमीटरवर मागून हॉर्न ऐकू आला. एमेट तुटका तुकडा हलवत उतरला.

“शेपटी राहिली तुझी.”

“हसू नकोस.”

“हसत नाही. उणे वीसच्या खाली आधी गाडीचं जेवण, मग आपलं. आणि उठताना पान उचलायचं असतं!”

त्याने तिथेच नवा प्लग बसवला. त्यासाठी हातमोजे काढले. बोटे लाल झाली, तेव्हा मी ती माझ्या हातांत धरली. त्यामागे वैद्यकीय कारण होते. लाली गेल्यावरही मी ती सोडली नाहीत, याला मात्र नव्हते.

इनुविक हे माझे गाव; मी बर्निस आजींच्या खाणावळीतच राहते, आणि एमेटही तिथेच उतरला होता. तिथे प्रवास संपत होता. शुक्रवारी सकाळी तो दक्षिणेला परतणार होता; व्हँकूव्हरमध्ये तीन वर्षांची नोकरी ठरली होती. मी काही म्हटले नव्हते. नऊ दिवसांच्या निरीक्षणावरून निष्कर्ष काढू नये, असे मी विद्यार्थ्यांना शिकवते. हा नियम पाळताना घास उतरत नाही, हे मला बर्निस आजींच्या कॅरिबूच्या रश्श्यासमोर कळले.

आता तो बॉनेट उघडून उभा होता. आत हात मात्र घालत नव्हता.

“वायर गेली असेल,” तो म्हणाला.

“मेरेडिथ, पोरी, बघ तरी जरा,” बर्निस आजी दारातून ओरडल्या, “हा नुसता उभाच आहे!”

मी तापमापक आणला. माझे इंजिन: अधिक अकरा. त्याचे: उणे तेहतीस. त्याची वायर माझ्या ट्रकला लावून पाहिली. ती ठणठणीत होती. मग मी खाली पाहिले. बर्फ पडायचा काल संध्याकाळी सातला थांबला होता. त्यानंतर दारापासून खांबापर्यंत कुणीतरी दोनदा जाऊन आले होते. दोन्ही वेळची पावले डाव्या टाचेला ठिगळ असलेल्या बुटांची होती.

मी एमेटच्या बुटांकडे पाहिले. त्यानेही पाहिले.

“काल जेवण झाल्यावर काढलीस,” मी म्हणाले, “आणि आज सकाळी परत लावलीस.”

“...हो.”

“उणे छत्तीसमध्ये? तू?”

“नोकरीला काल दुपारीच नाही म्हणून कळवलं. पण तुला काय सांगणार? तू तर काहीच बोलत नव्हतीस. म्हटलं, गाडी बंद पडली तर... थांबायला कारण विचारत नाही कुणी.”

मला हसू आले. थंडीमुळे डोळ्यांत पाणीही आले.

“मूर्खा,” मी म्हणाले, “मी विचारणार होते, थांबशील का म्हणून. पुरावा पुरेसा नव्हता.”

“आता?”

“आता आहे.” मी त्याची उघडी बोटे पुन्हा हातांत घेतली. “थांब.”

“बॅनक रोटी गार होतेय!” आजी ओरडल्या. “भांडायचं असेल तर आत येऊन भांडा!”

आत जाण्यापूर्वी मी नोंदवही काढली. तापमान: उणे तेहतीस. कारण: वायर एमेटने स्वतः काढली. त्याला जायचे नव्हते.