नुसतं म्हणायचं असतं

बसा, दिवा जरा तुमच्याकडे सरकवते. वीज येईल तेव्हा येईल.

त्या दुपारीही अशीच गेली होती. मला एका गिऱ्हाइकाचे धुतलेले पडदे पोचवायचे होते. खाली आमचं लाँड्रीचं दुकान, वर या दोन खोल्या. भाऊ लांब पल्ल्याचा ट्रक चालवतो, म्हणजे विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर. वहिनी गेल्यापासून त्याची मुलगी माझ्याकडेच आहे. सोळा वर्षांची. तोंडाची टकळी कधी थांबायची नाही, म्हणून तिचं नाव चिमणी पडलं.

पुढे चिमणीची सगळी चिवचिव फोनमध्ये शिरली. भाषा शिकवायच्या कुठल्याशा ॲपवर तिला एक मुलगा भेटला होता. परका देश, परकी भाषा. ती त्याला मराठी शिकवायची, तो तिला त्याची बोली. तो म्हणे समुद्रकाठच्या बंगल्यात राहतो, दाराशी स्वतःची बोट. आणि आम्ही लोकांचे मळके कपडे धुणारे. त्याच्या फोनचा कॅमेरा मात्र बिघडलेला, तोही कायमचा. बोट ठेवायला पैसे आहेत आणि कॅमेरा दुरुस्त करायला नाहीत? मला तिथेच पाणी मुरताना दिसलं. हा पोरगा नाही, कुणीतरी घोडनवरा आहे, अशी माझी खात्री झाली.

"आत्या, तुला सगळेच चोर वाटतात," चिमणी म्हणायची.

"चोर परवडला. तो वस्तू नेतो, माणसं नाही," मी म्हणायचे. पोर हातची गेली तर भावाला कुठलं तोंड दाखवणार, हीच मला धास्ती.

पण ती जीव लावून बसली होती. फोन ठेवायची आपली रीतही तिने त्याला शिकवली. जातो म्हणायचं नाही, येतो म्हणायचं. तो अडखळत म्हणायचा, "येतो." आणि ही लाजून म्हणायची, "ये." मलाही ऐकायला गोड वाटायचं, खोटं कशाला बोलू?

मग मी नीट कान द्यायला लागले. सुरुवातीला त्याच्या आवाजामागे लाटा असायच्या. काही दिवसांनी लाटा गेल्या आणि रेल्वे स्टेशनवरची घोषणा ऐकू आली. नंतर रहदारी. "कुठे निघालास रे?" मी एकदा मध्येच विचारलं. "येतो," तो म्हणाला आणि फोन बंद.

तर ती दुपार. दुकानाला कुलूप लावून निघाले आणि चष्मा विसरला म्हणून परत वर आले. सगळी गल्ली चिडीचूप, पंखेसुद्धा थांबलेले. चिमणी खिडकीत बसली होती, फोनचा स्पीकर चालू होता. तो काही बोलत नव्हता. त्याच्या बाजूला नुसती घरघर चालली होती... आणि त्या घरघरीत टक... टक... टक.

आमच्या कपडे वाळवायच्या मशीनच्या पिंपातली एक पट्टी सैल झालीय. पिंप फिरलं की दर फेऱ्याला अशीच टकटक होते. पण वीज नव्हती. मशीन बंद होतं.

दुकानात चोर शिरला असं वाटून मी हाताला लागेल ती इस्त्री उचलली आणि खाली गेले. कुलूप जसंच्या तसं होतं. शटर वर केलं. आत काळोख आणि ओल्या दोरखंडासारखा वास. मशीनला हात लावला... गरम होतं. पिंपात चाचपडले, तर बोटांना ओली वाळू लागली.

तशीच वर आले. चिमणीच्या हातून फोन घेतला.

"बाळा," मी म्हणाले, "आमच्यात निघताना येतो म्हणतात... ते नुसतं म्हणायचं असतं. यायचं नसतं."

टकटक चालूच होती. मग तो बोलला. अडखळला नाही, तुमच्याआमच्यासारखं स्वच्छ बोलला.

"पण ती ये म्हणाली. रोज म्हणाली."

"मग मी सांगते... जा."

टकटक थांबली. फोनही बंद झाला. चिमणी भिंतीकडे तोंड करून रडत राहिली. कुणाला तोंडावर जा म्हणू नये, हे मीच तिला लहानपणी शिकवलेलं. वाईट वाटलं, पण पोर वाचली म्हणून जीव भांड्यात पडला.

संध्याकाळी ती क्लासला निघाली. डोळे पुसलेले, वेणी घातलेली. मी पडद्यांच्या घड्या घालत होते, मान वर केली नाही. दारातून तिचा आवाज आला, "येतो, आत्या."

"या," मी म्हणाले.

जन्माची सवय, गिऱ्हाईक येतो म्हणालं की या म्हणायची. शब्द तोंडातून गेला आणि घडी हातातच राहिली. चिमणी येते म्हणते. बोलायला लागल्यापासून येते म्हणते. आणि मी तिला ये म्हणते, या कधी म्हटलं होतं? धावत जिना उतरले, तोवर ती वळणापलीकडे गेली होती.

परत आली, अगदी वेळेवर आली. अंगाला खरचटलंसुद्धा नव्हतं. फक्त आता ती फारशी बोलत नाही. फोनला हात लावत नाही, गरज नाही म्हणते. आणि बाहेरून आली की दार लगेच लावत नाही. मागून कुणी येत असल्यासारखं थोडा वेळ धरून ठेवते, मग लावते.

ऐका, जिना वाजला. तीच असेल. तुम्ही बसा, दार मी उघडते. ती "आलो" म्हणेल. तुम्ही हसा हवं तर, पण या म्हणू नका.